पाच दिवसांचं मत, पस्तीस वर्षांची मैत्रीण

ताई, नमस्कार.

हे मी ह्युएच्या हॉटेलातून रात्री अकरा वाजता लिहितेय. शेजारच्या पलंगावर माझी मैत्रीण भिंतीकडे तोंड करून पडलीय. झोपलीय की नुसतीच पडलीय, माहीत नाही. शाळेपासूनची, पस्तीस वर्षांची मैत्री आहे आमची. मुलं मार्गी लागल्यावर ठरवलं, आता दोघींनीच एखादा देश बघायचा. चौदा दिवस व्हिएतनाम, हनोईपासून हो ची मिन्ह सिटीपर्यंत. आज पाचवा दिवस.

मला हा देश पहिल्या संध्याकाळीच आवडला. माणसं गरीब, पण काय हसतमुख, किती समाधानी! तिला तो पहिल्याच संध्याकाळी नकोसा झाला. नारळपाण्याचे वीस हजार डोंग द्यायचे तर तिने पाच लाखांची नोट दिली. दोन्ही नोटा निळ्याच. तासाभराने लक्षात आलं, परत गेलो, तर विकणारी बाई नुसती हसली. तेव्हापासून तिचं एकच पालुपद, ‘लबाड लोक आहेत.’ हॉटेलातल्या मुलीने वय विचारलं म्हणून चिडली. दुकानात काही मागितलं की हाताने झटकून टाकतात, म्हणते. ती शाकाहारी आहे, चार दिवस केळी-बिस्किटांवर काढलेत, आणि एकदा पालेभाजी मागवली तर तिला मासळीचा वास. मी समजावायला गेले की, ‘तुला काय, तुला सगळंच छान दिसतं.’ काल माझा तोल गेला आणि ‘तू कूपमंडूक आहेस’ असं बोलून बसले. त्यानंतर अबोला. दा नांगहून विमानाने परत जाते म्हणतेय. चूक कोणाची? मी भोळी आहे की ती कोत्या मनाची? उरलेले नऊ दिवस कसे काढू?

— वाटेवरची एक

*

प्रिय मैत्रीण,

तुम्ही अजून तिथेच आहात म्हणून हे उत्तर रात्रीच तुम्हाला पाठवतेय. सदरात ते नंतर येईल.

तुमच्या पत्रातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य तुम्ही घाईघाईने लिहून पुढे गेलात. नोट, वय, हात झटकणं यांच्या गर्दीत ते दबून गेलंय. तुमची मैत्रीण चार दिवस केळी आणि बिस्किटांवर आहे. पन्नाशीची बाई, परका देश, दिवसभर पायपीट, आणि पोटात धड एकही गरम घास नाही. अशा माणसाला ताजमहाल दाखवला तरी तो म्हणेल, फार चालायला लागतं. ती व्हिएतनामबद्दल जे काही बोलतेय त्यातलं निम्मं तरी भूक बोलतेय, आणि तुम्ही त्या भुकेशी वाद घालताय. तुम्ही सगळं खाता, त्यामुळे तुमच्या लक्षात आलं नसेल. त्याबद्दल तुम्हाला दोष देत नाही. पण उद्या सकाळचं पहिलं काम तेवढंच: तिला जेवू घालायचं.

आणि त्यासाठी तुम्ही नेमक्या योग्य गावात आहात. ह्युए ही १८०२ ते १९४५ न्गुयेन राजांची राजधानी होती. आसपास बौद्ध विहार भरपूर, आणि म्हणून शाकाहारी स्वयंपाकासाठी हे गाव व्हिएतनाममध्ये नावाजलेलं आहे. तिथे शाकाहाराला ‘चाय’ म्हणतात. आपल्याला लक्षात ठेवायला याहून सोपा शब्द मिळणार नाही. लिपी लॅटिन आहे, त्यामुळे पाटीवर सी, एच, ए, वाय ही चार अक्षरं शोधायची. ‘कोम चाय’ म्हणजे शाकाहारी जेवण, शब्दशः शाकाहारी भात. ‘तोय आन चाय’ म्हणजे मी शाकाहारी आहे. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला, तिथली एरवी सगळं खाणारी कितीतरी माणसंही चाय पाळतात. म्हणजे ती जे मागतेय ते तिथे कुणाला चमत्कारिक वाटत नाही. फक्त ते साध्या खाणावळीत मागून चालत नाही, चायच्या खाणावळीत जावं लागतं.

त्या पालेभाजीचं कारणही सांगते, तिलाही सांगा. तिथे ‘नुओक माम’ नावाचं मासे आणि मीठ आंबवून केलेलं पाणी असतं. ते मिठाच्या जागी पडतं. भाजी परतताना, चटणीत, रश्शात, सगळीकडे. तुम्ही ‘मांस नको’ म्हणालात तर स्वयंपाकीण प्रामाणिकपणे मांस घालणार नाही, आणि तितक्याच प्रामाणिकपणे नुओक माम घालेल, कारण तिच्या लेखी ते मीठच आहे. तुमच्या मैत्रिणीला वाटलं फसवलं. तिकडे त्या बाईला वाटलं असेल, पाहुणीने भाजी तशीच का टाकली. चायच्या खाणावळीत हा प्रश्न येत नाही.

आता नोटेकडे येऊ. पाच लाख म्हणजे वीस हजारांच्या पंचवीस पट. तेव्हा तिचं दुखणं खरं आहे आणि तुम्ही ‘जाऊ दे गं’ म्हणून ते उडवून लावलं असेल तर ती चूक तुमची. या दोन निळ्या नोटांत भले भले फसतात. दोन्हींवर नेते हो ची मिन्ह यांचं चित्र, दोन्ही प्लॅस्टिकच्या, संध्याकाळच्या दिव्यात रंग जवळजवळ एकच. आणि इतकी शून्यं मोजायची डोळ्यांना सवय नसते. आजच दोघींची पाकिटं रिकामी करा. पाच लाखांच्या सगळ्या नोटा एकीच्या आतल्या कप्प्यात, रस्त्यावरच्या खर्चासाठी एक लाखापर्यंतच्याच नोटा बाहेर. पाच लाखांची नोट मोडायची ती हॉटेलात किंवा मोठ्या दुकानात. एवढं केलंत की पुन्हा हे व्हायचं नाही. आणि व्हायचं नाही हे एकदा तिला पटलं की तिच्या मनातली धास्ती जाईल. ती सध्या प्रत्येक विक्रेत्याकडे त्या धास्तीतूनच बघतेय.

ती नारळवाली लबाड होती का? असू शकेल. प्रवाशांच्या वाटेवर बसणारी माणसं कुठल्याही देशात दोन पैसे जास्त घ्यायला बघतात, आणि तुमच्या मैत्रिणीचा संशय खोटाच आहे असं म्हणायचा मला अधिकार नाही. पण हसण्याबद्दल एक सांगते. तिथे माणसं अवघडल्यावर हसतात. चूक झाली, समोरच्याचं बोलणं कळलं नाही, वेळ कशी निभावायची ते सुचलं नाही, की हसतात. ते हसू वेळ सावरायचं असतं, खिजवायचं नसतं. तुम्ही दोघी तासाभराने परत आलात, काहीतरी हातवारे केलेत, आवाज चढला असेल, ती हसली. आपल्या डोळ्यांना ते निर्लज्जपणाचं हसू दिसलं. ती मनात काय म्हणाली, तुम्हालाही ठाऊक नाही आणि मलाही.

वय विचारण्याचं मात्र मी छातीठोक सांगू शकते. तुम्ही मला पत्रात ‘ताई’ म्हटलंत. माझं वय तुम्हाला माहीत नाही. मी तुमच्यापेक्षा धाकटी असते तर? मराठीत अडलं तर ‘तुम्ही’ म्हणून वेळ मारून नेता येते. व्हिएतनामी भाषेत रोजच्या बोलण्यात असा सरसकट ‘तुम्ही’ चालत नाही. समोरची थोरली असेल तर ती ‘ची’, म्हणजे ताई. धाकटी असेल तर ‘एम’. मावशी-आत्याच्या वयाची असेल तर ‘को’, आजीच्या वयाची ‘बा’. बोलणारी स्वतःलाही त्या नात्याच्या शब्दानेच म्हणते, ‘मी’ असा सुटा शब्द वापरणं कोरडं वाटतं. म्हणजे समोरच्याचं वय कळल्याशिवाय पहिलं वाक्यच धड उभं राहत नाही. हॉटेलातली मुलगी तुमच्या मैत्रिणीच्या सुरकुत्या मोजत नव्हती. तिला कोणत्या नात्याने हाक मारू, हे विचारत होती. मला हे कळलं तेव्हा फार गलबलून आलं होतं, कारण मीही त्या प्रश्नावर तोंड फिरवलं होतं. त्याबद्दल पुढे सांगते.

हात झटकण्याचंही तसंच. पंजा वर करून मनगटातून डावी-उजवीकडे फिरवणं म्हणजे तिथे ‘नाही’, ‘संपलं’, ‘आमच्याकडे नसतं’. भाषा न कळणाऱ्या पाहुण्याला ते चटकन कळावं म्हणून करतात. आपल्याला ते ‘चल, हो पुढे’ असं दिसतं.

हे वाचून तुम्ही खूश झाला असाल, की बघा, मीच बरोबर. थांबा. तुमच्या पत्रातलं तुमचं मत मला तिच्या मताइतकंच खटकलं. ‘माणसं गरीब, पण किती समाधानी.’ हे तुम्हाला पाच दिवसांत कुठे कळलं? बाहेरून आलेला एखादा पाहुणा आपल्याकडच्या बायकांना डोक्यावर हंडे घेऊन जाताना बघून असंच म्हणतो, तेव्हा आपल्याला कसं वाटतं? तुम्ही आज ह्युएचा किल्ला पाहिलात ना? आत केवढी मोकळी पटांगणं आहेत, गवत आणि नुसते चौथरे. त्यातल्या पुष्कळ ठिकाणी पूर्वी राजवाड्याच्या इमारती होत्या. व्हिएतनाम युद्धात, १९६८ च्या सुरुवातीला, या गावात जवळपास महिनाभर घराघरांतून लढाई झाली, आणि त्यात राजवाड्याचा बराच भाग गेला. तिथे फुलं विकणारी एखादी सत्तरी ओलांडलेली आजी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असेल. तिच्या हसण्याला ‘समाधान’ म्हणून तुम्ही मोकळ्या झालात, आणि तुमची मैत्रीण ‘लबाडी’ म्हणून. दोघींनीही तिला विचारलेलं नाही.

आणि गरीब? हा देश जगाला तांदूळ विकतो, कॉफीच्या उत्पादनात ब्राझीलच्या पाठोपाठ त्याचा नंबर आहे. १९८६ मध्ये त्यांनी अर्थव्यवस्थेची घडी बदलायला घेतली. फुटपाथवर बुटक्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून कॉफी पिणारा माणूस गरीब असतोच असं नाही. तिथे सगळेच त्या स्टुलावर बसतात.

तेव्हा भोळी कोण आणि कोती कोण, हा निवाडा मी करणार नाही. एकीचं मत भरल्या पोटी झालंय, दुसरीचं उपाशीपोटी. दोन्ही मतं पहिल्या संध्याकाळी झाली आणि दोघींनी ती पाचव्या दिवसापर्यंत जशीच्या तशी जपून ठेवलीत. मला अडचण तिथे दिसते. पहिलं मत होणारच, ते टाळता येत नाही, आणि टाळूही नये. परक्या गावात पहिल्या दिवशी जे वास, जे आवाज जाणवतात ते चौथ्या दिवशी जाणवेनासे होतात. पण त्या मतावर तारीख घालायची असते. ‘पहिला दिवस, संध्याकाळ, थकलेली, पाऊस.’ मग ते मत तुमच्या वहीत एका जागी राहतं, रोज सकाळी उठून तुमच्या पुढे पुढे चालत नाही.

हे मला कोणी शिकवलं नाही, एका जोडी बुटांनी शिकवलं. मी माझ्या मैत्रिणीबरोबर हनोईला गेले तो फेब्रुवारी होता. त्या दिवसांत तिथे पाऊस धड पडत नाही आणि धड थांबतही नाही, चाळलेल्या पिठासारखी भुरभुर दिवसभर चालू असते. भिंतींना ओल, चादरी दमट. जुन्या हनोईत ती अरुंद घरं असतात ना, रस्त्यावर जेमतेम एका खोलीची रुंदी आणि आत लांबच लांब बोगद्यासारखी, तशा एका घरात आम्ही उतरलो होतो. खाली टेबलामागे साठीची एक बाई बसायची. पहिल्याच मिनिटाला तिने माझ्याकडे बोट केलं आणि हवेत आकडे काढून वय विचारलं. मी तोंड फिरवलं. किल्ली दिली तीही न हसता, टेबलावर सरकवून. त्या रात्री मी वहीत लिहिलं, ‘इथली माणसं तुटक आहेत.’ सुदैवाने वर तारीख होती.

माझ्या मैत्रिणीला परक्या जागी झोप लागत नाही. दुसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला ती पाणी आणायला खाली गेली. ती बाई जिन्याखाली बुटक्या स्टुलावर बसली होती, समोर आमचे दोघींचे बूट, दिवसभराच्या भुरभुरीत पार भिजलेले. ती वर्तमानपत्राचे बोळे करून बुटांत कोंबत होती. जे बोळे ओले झाले होते ते बोटांनी ओढून काढायचे, बाजूला ठेवायचे, नवा कागद चुरगाळायचा, पुन्हा टाचेपर्यंत सारायचा. मैत्रीण जिन्यात उभी राहून बघत होती, त्या बाईला पत्ताही नव्हता. हे मला मैत्रिणीने सांगितलं ते चौथ्या दिवशी, गाडीत, दुसऱ्याच काही विषयात बोलता बोलता. मी सकाळी कोरडे बूट पायांत घालून खाली उतरले होते, त्या बाईसमोरून. आणि बूट कोरडे कसे झाले हा प्रश्नही मला पडला नव्हता.

मी वहीतली ती ओळ खोडली नाही. तिच्याखाली चौथ्या दिवसाची तारीख टाकून बुटांचं लिहिलं. ती वही अजून आहे. पण बघा, मी एकटी गेले असते तर त्या पानावर एकच ओळ राहिली असती आणि मी जन्मभर सांगत फिरले असते की हनोईची माणसं तुटक. बरोबर दुसरं माणूस असण्याचा उपयोग हा. तुम्ही झोपलेल्या असता तेव्हा ते जागं असतं. तुमची मैत्रीण वेगळं बघतेय म्हणून तुमचा प्रवास बिघडत नाहीये. तुम्ही एकमेकींना सांगायचं सोडून एकमेकींना पटवायला लागलात, म्हणून बिघडतोय.

म्हणून आता एक करा. रात्री जेवताना प्रत्येकीने दिवसभरात पाहिलेली एकच गोष्ट सांगायची, विशेषण न लावता. ‘बाई लबाड होती’ नाही चालणार, ‘आजी गोड होती’ तेही नाही चालणार. ‘बाईने नोट घेतली, कमरेच्या पिशवीत सारली आणि पुढच्या नारळावर कोयता मारला’, हे चालेल. असं सांगायला लागलं की माणसाला स्वतःलाच आठवायला लागतं, की तिने नोटेकडे बघितलं होतं का? बघून गप्प बसली की न बघताच पिशवीत टाकली? उत्तर काहीही निघो. पण तेव्हा दोघी मिळून एका गोष्टीकडे बघत असाल, एकमेकींकडे बोट दाखवत नसाल.

आणि रोजचे दोन-तीन तास वेगवेगळ्या हिंडा. चौदा दिवस चोवीस तास एका खोलीत राहायची सवय नवरा-बायकोलाही नसते, मैत्रिणींना कुठून असणार? घरी तुम्ही दोन तास भेटता, पोटभर बोलता आणि आपापल्या घरी जाता. पस्तीस वर्षं त्यावर चाललंय. तिला बसून राहावंसं वाटलं तर बसू द्या. भेटायची जागा आणि वेळ ठरवा, दोघींच्या फोनमध्ये हॉटेलचा पत्ता लिहून ठेवा, झालं.

‘कूपमंडूक’ या शब्दाची माफी मात्र आधी मागा, जेवणाच्याही आधी. ‘तू पण मला बोललीस’ हे शेपूट न लावता. तो शब्द तुम्ही व्हिएतनामवरून वापरलात, पण तिला तो सगळ्या आयुष्यावरून लागला असणार. घर सोडून पहिल्यांदा बाहेर पडलेल्या बाईला हा शब्द किती खोल जातो, तुम्हाला मी सांगायला नको. ती चौदा दिवसांसाठी बाहेर पडली, तेही तुमच्या भरवशावर.

दा नांगला मोटारीने नका जाऊ, रेल्वेगाडीने जा. ह्युएहून दा नांग शंभर-एक किलोमीटर आहे, गाडी अडीच-तीन तास घेते. दक्षिणेकडे जाताना डाव्या हाताची जागा तिला द्या. लांग को सोडलं की रूळ हाय व्हान खिंडीच्या डोंगराला चिकटून वर चढतात आणि खाली थेट समुद्र. मोटारींसाठी २००५ पासून डोंगराच्या पोटातून सहा किलोमीटरहून लांब बोगदा आहे, त्यातून गेलात तर काहीच दिसायचं नाही. गाडी मात्र अजून कड्याकडेनेच जाते, वळणांवर हळू होते आणि खिडकीतून पुढचं इंजिन दिसतं. हनोई ते सायगाव, म्हणजे आताची हो ची मिन्ह सिटी, हा १,७२६ किलोमीटरचा मार्ग १९३६ मध्ये सलग पूर्ण झाला. १९५४ मध्ये देशाचे दोन तुकडे झाले तेव्हा तोही तुटला. युद्ध १९७५ मध्ये संपलं, आणि १९७६ च्या ३१ डिसेंबरला पुन्हा गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत सोडली. मधले पूल, बोगदे, रूळ इतके उद्ध्वस्त झालेले असताना दीड-पावणेदोन वर्षांत. ही गाडी त्या लोकांच्या किती जिव्हाळ्याची आहे हे डब्यात बसल्यावर कळतं. शेजारी कुणीतरी सोललेलं फळ पुढे करेल, आणि हो, वयही विचारेल. या वेळी तुमच्या मैत्रिणीला बोटांनी सांगू दे. मग तिला ‘ची’ म्हणतात की ‘को’, ते ऐका.

दा नांगला पोचल्यावरही तिला परतायचं असेल तर? जाऊ द्या. मनापासून सांगतेय. पण एक विनंती करा: दोन दिवस पोटभर जेवण आणि दोन रात्रींची झोप झाल्याशिवाय तिकीट काढायचं नाही. दा नांगहून होई आन तासाभरावर आहे, तेवढे दोन दिवस तिथे राहू. त्यानंतर तिने ‘जाते’ म्हटलं तर तुम्ही स्वतः विमानतळावर सोडायला जा, बॅग उचला, आणि ‘राहिली असतीस तर’ हे वाक्य त्या दिवशीही नको आणि पुढे कधीच नको. पुढचा प्रवास तुम्ही एकट्याने करू शकता. हो ची मिन्ह सिटीपर्यंत गाडी जाते, वाटेत मदत करणारी माणसं भेटतात. ती गेली म्हणून प्रवास फसला असं होत नाही, आणि तुम्ही पुढे गेलात म्हणून मैत्री सोडली असंही होत नाही.

ती राहिली तर मात्र एक दिवस ‘मी सॉन’ नावाच्या ठिकाणी जा. होई आनहून चाळीसेक किलोमीटर, डोंगरांच्या वेढ्यातली शंकराची देवळं. मध्य व्हिएतनामवर पूर्वी राज्य करणाऱ्या चाम राजांनी चौथ्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत बांधली, विटांची, आता विटांच्या फटींतून गवत उगवलंय. १९६९ च्या बाँबहल्ल्यात सर्वांत मोठं देऊळ कोसळलं. आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसं तिथे डागडुजीला होती, तेव्हा २०२० मध्ये नवव्या शतकातलं एकसंध दगडाचं शिवलिंग सापडलं. तिला तिथे बरं वाटेल, मला खात्री आहे. पण ‘बघ, इथेही आपलंच आहे’ असं म्हणून तिला तिथे नेऊ नका. ते चाम लोकांचं आहे, आणि ते लोक अजून त्या देशात राहतात. तिला नुसतं सावलीत बसू द्या. काय वाटलं ते ती रात्री सांगेल, सांगावंसं वाटलं तर.

हो ची मिन्ह सिटीत रस्ता ओलांडताना तिचा हात धरा, हेही सांगून ठेवते. हनोईत तुम्ही पाहिलंच असेल, दुचाक्यांचा लोंढा थांबत नाही. थांबायची वाट बघायची नसते. सावकाश, एका चालीने, न थबकता आणि मागे न पळता चालायचं. चालवणारे तुमची चाल बघून अंदाज घेतात आणि दोन्ही बाजूंनी निघून जातात. गोंधळ होतो तो मध्येच कच खाणाऱ्याचा. भोंगा वाजतो तो ‘मी आलोय’ म्हणून, राग म्हणून नाही. दोघींची चाल एक ठेवा. मी आणि माझी मैत्रीण तेव्हा मोठ्याने पावलं मोजत चालायचो.

आणखी एक राहिलं. वीस हजारांची नोट उलटी करून बघा. मागे एक छप्पर असलेला पूल आहे. तो होई आनमध्ये आहे, सोळाव्या शतकाच्या अखेरीस तिथे वस्ती केलेल्या जपानी व्यापाऱ्यांनी बांधायला घेतलेला. एका टोकाला माकडांच्या मूर्ती, दुसऱ्या टोकाला कुत्र्यांच्या. आज तुम्ही आहात ते ह्युए पन्नास हजारांच्या गुलाबी नोटेवर आहे, आणि हनोईचं वाङ्मय मंदिर, १०७० मध्ये बांधलेलं, एक लाखाच्या हिरव्या नोटेवर. तुमचा अर्धा प्रवास तिच्या पाकिटात आहे. आज पाकिटं रिकामी कराल तेव्हा नोटा पलंगावर पसरून तिलाच रंगांवरून लावू द्या. होई आनला पुलासमोर उभ्या राहाल तेव्हा तिच्या हातात वीस हजारांची नोट द्या आणि म्हणा, जुळवून बघ. मग पुलापलीकडे कुठे ‘चाय’ची पाटी दिसते का ते शोधा, दुपार व्हायच्या आत.